लाकडावरची भट्टी, घराबाहेर: प्रकल्प नोंदी २०२५

२ फेब्रुवारी

तेलाची टाकी पुन्हा भरली. गेल्या बारा महिन्यांच्या पावत्या काढून बेरीज केली तर ११०० गॅलन, आणि गॅलनला साडेतीन डॉलरच्या वर. म्हणजे नुसतं घर गरम ठेवायला वर्षाला चार हजार डॉलर. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंड काउंटीतलं हे शेतावरचं जुनं घर, दुमजली, २४०० चौरस फूट. तळघरात तेलाचा बॉयलर आहे. त्याचं गरम पाणी भिंतींच्या पायथ्याशी बसवलेल्या बेसबोर्डांतून फिरतं.

दुसरीकडे मागच्या उतारावर ॲशची झाडं रांगेने मेलेली उभी आहेत. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा किडा अमेरिकेत २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला, २००९मध्ये न्यूयॉर्क राज्यात आला, आणि तेव्हापासून ॲशचं झाड म्हणजे आज ना उद्या मरणारं झाड. आमची पाडावी तर लागणारच आहेत. घरामागे लाकूड पडून राहणार आणि आम्ही तेल विकत घेणार, हे नवऱ्याला पटत नाही. मलाही नाही, पण माझा मुद्दा आधी हिशेबाचा आहे.

विचार आहे तो घराबाहेरच्या भट्टीचा. अंगणात एका छोट्या शेडएवढं पत्र्याचं खोकं असतं. आत जाळ, जाळाभोवती पाणी. ते पाणी जमिनीखालच्या पाइपातून घरात येतं, उष्णता सोडून परत जातं. साल, राख, धूर, लाकडातले किडे, सगळं बाहेरच राहतं. विम्याच्या एजंटलाही तळघरातल्या जाळापेक्षा बाहेरचा जाळ बरा वाटतो, तसं तो फोनवर म्हणाला.

हीट पंपाबद्दल (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र) विचारणाऱ्यांसाठी: वरच्या मजल्याला एक बसवायचाच आहे, पुढे केव्हातरी. पण इथे बर्फाच्या वादळात वीज दोन-दोन दिवस जाते, आणि हीट पंप इन्व्हर्टरवर चालवायचा म्हणजे बॅटरीचंच कपाट लागेल. भट्टीला फक्त एक पंप आणि एक पंखा लागतो.

८ फेब्रुवारी

भट्ट्यांची माहितीपत्रकं आली आहेत. ती बाजूला ठेवली आणि आधी घराला किती उष्णता लागते ते काढलं. घर मोजायची गरज नाही, तेलाच्या पावत्याच सांगतात.

उन्हाळ्यात तेल फक्त अंघोळीच्या पाण्याला जळतं, महिन्याला साधारण १५ गॅलन. वर्षाचे ते १८० वजा केले. उरले ९२०. एका गॅलनमध्ये १,३८,५०० बीटीयू (इथलं उष्णतेचं माप), आणि आमच्या बॉयलरची कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर घराला वर्षाला मिळाले १०.४५ कोटी बीटीयू. दिवसाचं सरासरी तापमान ६५ अंशांच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे डिग्री-डे (इथून पुढे सगळे अंश फॅरनहाइट). आमच्याकडे वर्षाचे ते ६८०० धरले. भागाकार केला की दर अंशाला तासाला ६४० बीटीयू येतात.

हा ६४०चा आकडा मी फ्रिजवर लावला आहे. बाहेर उणे १० अंश, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे २३, इतकी कडाक्याची थंडी असेल तेव्हा फरक ७५ अंशांचा. तासाला ४८,००० बीटीयू. पाण्यासाठी थोडं धरून ५५,०००. अशा रात्री इथे मोजक्याच असतात. ऑक्टोबर किंवा एप्रिलमध्ये बाहेर ५० अंश असताना लागतात जेमतेम ९,६००.

संध्याकाळी एका विक्रेत्याला फोन केला. त्याने घराचं क्षेत्रफळ विचारलं, घर जुनं का ते विचारलं, आणि दोन मिनिटांत तासाला दोन लाखांच्या वरचं मॉडेल सुचवलं. “मोठी घ्या, म्हणजे दिवसातून एकदाच लाकूड घालावं लागेल.” मी ५५,००० म्हटल्यावर तो हसला. पावत्या बघायला त्याने मागितल्या नाहीत.

१५ फेब्रुवारी

रस्त्यापलीकडच्या आजोबांकडे जुन्या पद्धतीची भट्टी आहे, वीसेक वर्षांची. बघायला गेलो. बाहेर १२ अंश.

भट्टीपासून त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत दोन फूट रुंद पट्टा होता, त्यावर बर्फाचा कण नाही. भोवती गुडघाभर बर्फ आणि मधे ओलं, हिरवं गवत. आजोबांचा कुत्रा त्या पट्ट्यावर अंग पसरून झोपला होता. ते म्हणाले, हिवाळाभर तो तिथेच असतो. बसवणाऱ्याने पाइपांना बुडबुड्यांच्या चंदेरी पत्र्याची गुंडाळी केली आणि सगळं एका काळ्या नळीत सरकवलं. नळीत कुठूनतरी पाणी शिरलं. तेव्हापासून लाकडातली बरीच उष्णता कुत्र्याला मिळते.

भट्टीचं तंत्र सोपं आहे. पाणी १८० अंशांवर गेलं की हवेचं झाकण बंद होतं. पाणी १७०वर उतरलं की उघडतं. मधल्या वेळात आत भरलेलं सगळं लाकूड हवेवाचून धुमसत पडतं. आम्ही उभे असताना झाकण बंदच होतं. धुराड्यातून पिवळट धूर निघून खाली वाकत होता आणि छपराच्या उंचीवरून गोठ्याकडे चालला होता. आजोबांनी दार उघडून दाखवलं तर आतल्या भिंतींवर काळं, चकचकीत, ओलं क्रिओसोट, म्हणजे धुराचं डांबर, ओघळलेलं. ओंडके न फोडताच टाकलेले, मांडीएवढे जाड. “काहीही जळतं यात,” ते अभिमानाने म्हणाले, आणि ते खरंही आहे. वर्षाला १४-१५ कॉर्ड जातात म्हणे. त्यांचं घर आमच्यापेक्षा लहान आहे.

कॉर्ड म्हणजे ४ फूट रुंद, ४ उंच, ८ लांब अशी रचलेली थप्पी, १२८ घनफूट. काही जण ‘फेस कॉर्ड’ विकतात. ती पुढून तेवढीच दिसते पण खोली एका ओंडक्याची, १६ इंच असेल तर मालही तिसरा हिस्सा. लाकूडवाल्याला फोनवर पहिलं हेच विचारायचं.

१६ फेब्रुवारी

सांगलीला फोन. अण्णा म्हणजे माझे सासरे. साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. नवऱ्याने भट्टीचं सांगितल्यावर त्यांनी फोन मला द्यायला लावला.

“अगं, प्रेशर किती?”

“प्रेशर नाही अण्णा. टाकीला वरून व्हेंट आहे, उघडाच.”

“मग बॉयलर कशाला म्हणतेस? बंब आहे तो.”

१९२३च्या बॉयलर कायद्याखाली दरवर्षी इन्स्पेक्टरपुढे उभं राहिलेल्या माणसाला हे खोकं बॉयलरच्या परवान्याशिवाय अंगणात ठेवता येतं याचं हसू आलं. पण पुढे त्यांनी जे सांगितलं ते एकाही माहितीपत्रकात इतकं सरळ लिहिलेलं नाही. बंबात मधे जाळ आणि भोवती पाणी. जाळ पाण्याच्या भिंतीला टेकला की गार पडतो आणि काजळी धरते. लाकडातून निघणारा वायू पूर्ण जळायला जागा गरम हवी, पाण्यापासून लांब. “आधी जळू दे, मग पाण्याला भेटू दे.” आजोबांच्या भट्टीत नेमकं हेच होत नाही.

दुसरा प्रश्न: “परतीचं पाणी किती अंशांनी येणार?” मी म्हटलं, बघते. “बघ. गार पाणी परत आलं की नळ्यांना बाहेरून घाम फुटतो, आणि तो घाम आम्लाचा असतो. जाळाने पोलाद मरत नाही, घामाने मरतं.” इथल्या पुस्तिकांत हेच आहे: परतीचं पाणी १४० अंशांच्या खाली येऊ देऊ नका, त्यासाठी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा.

तिसरा लाकडाचा. “चिपाडात निम्मं पाणी असतं, पण आमची भट्टी त्या हिशेबानेच बांधलेली असायची. तुझी कशाच्या हिशेबाने बांधली आहे ते विचार.”

९ मार्च

वायू जाळणारी भट्टी, म्हणजे गॅसिफायर, चालू स्थितीत बघायला तासाभराच्या अंतरावर गेलो. मालक दुधाची डेअरी चालवतो, बोलायला मोकळा.

यात दोन खण असतात. वरच्या खणात लाकूड. पंखा जाळ वर जाऊ देत नाही, तो खाली, अरुंद फटीतून, भट्टीच्या विटांसारख्या मसाल्याने बांधलेल्या खालच्या खणात खेचतो. तिथे ११०० अंशांच्या वर लाकडाचा वायू पेटतो, आणि पेटून झाल्यावरच नळ्यांमधून पाण्याला भेटतो. अण्णांचंच वाक्य, फक्त कॅनडातल्या मॅनिटोबात बांधलेलं.

त्याने खालचं दार बोटभर उघडलं. आत पांढरट नारिंगी ज्वाळा खाली तोंड करून फुरफुरत होती, कडांना निळी. बाहेर येऊन धुराड्याकडे पाहिलं तर धूर नाही, वरची हवा तेवढी थरथरत होती. मग वरचं दार उघडायच्या आधी त्याने बायपासची, म्हणजे धूर सरळ धुराड्यात सोडणारी, दांडी ओढली, अर्धा मिनिट थांबला. तरीही दार उघडल्यावर एक लोट माझ्या तोंडावर आलाच. जाकिटाला वास दोन दिवस राहिला.

महत्त्वाचं पुढे. त्याने मुद्दाम एक ओला मेपल टाकला. पाच मिनिटांत फोडीच्या टोकाला फेस आला, सूं सूं आवाज सुरू झाला, खालची ज्वाळा लाल होऊन आखडली, आणि धुराडं आजोबांच्या धुराड्याइतकंच पांढरं झालं. एक पौंड पाण्याची वाफ करायला हजाराहून जास्त बीटीयू जातात, आणि खालचा खण तेवढ्याने गार पडतो. या भट्टीत “काहीही” जळत नाही. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तरच ती गॅसिफायर. एरवी महागडं खोकं.

गाडीत नवरा म्हणाला, मग आपण भट्टी नाही, लाकूड निवडतोय. बरोबर आहे.

२२ मार्च

कायद्याचा दिवस. थोडक्यात लिहून ठेवते.

केंद्राचा नियम: २०१५मध्ये ईपीएने (अमेरिकेची पर्यावरण संस्था) पाण्याच्या लाकूडभट्ट्यांसाठी मर्यादा घातली आणि १५ मे २०२०पासून ती कडक केली. दर दहा लाख बीटीयू उष्णतेमागे ०.१० पौंड धूलिकण. त्यामुळे आजोबांसारखी भट्टी आता घरासाठी नवी म्हणून विकता येत नाही. एका विक्रेत्याने “ही कोळशाची म्हणून आहे, लाकूड कोण बघतंय” असंही सुचवलं. त्याचा नंबर खोडला.

प्रमाणपत्रावर मात्र डोळे मिटून विश्वास नाही. २०२३मध्ये ईपीएच्याच महानिरीक्षक कार्यालयाने अहवाल दिला की लाकडाची उपकरणं बाजारात येण्याआधी नीट तपासली जातात याची खात्री ही योजना देत नाही. म्हणून ९ मार्चसारखं चालत्या भट्टीपुढे उभं राहणं मला जास्त मोलाचं वाटतं.

राज्याचा नियम: भट्टी हद्दीपासून किमान १०० फूट, धुराडं जमिनीपासून किमान १८ फूट उंच, फक्त स्वच्छ वाळकं लाकूड. गावाचे नियम वेगळे. शेजारच्या काही गावांत पूर्ण बंदी आहे. आमच्या टाउन हॉलमधल्या अधिकाऱ्याने नकाशा मागितला, परवाना मिळेल म्हणाला.

नकाशा काढल्यावर जागा आपोआप ठरली. वारा बहुतेक पश्चिमेकडून. पूर्वेला जवळचं घर, तिथे तान्हं बाळ आहे. उत्तरेची हद्द जवळ. उरते ती कोठाराच्या मागची जागा, घरापासून चराने १४० फूट. पाइपाचा खर्च वाढतो, पण त्यावर वाद नाही.

१२ एप्रिल

लाकूड. हिशेब असा: हिवाळ्याची उष्णता आणि सात महिन्यांचं गरम पाणी मिळून ११.६ कोटी बीटीयू. वाळलेल्या ॲशच्या कॉर्डमध्ये साधारण २.३५ कोटी. गॅसिफायरने प्रत्यक्षात ६५ टक्के घरात पोचवले तर पावणेआठ कॉर्ड, गळती धरून साडेआठ. जुन्या पद्धतीने ४० टक्के धरले तर साडेबारा. फरक निदान चार कॉर्डचा, म्हणजे कापणं, फोडणं, रचणं आणि पुन्हा उचलणं. साडेआठ कॉर्ड ॲश वाळल्यावरही तेरा टनांच्या वर भरतो. हे टन आमच्या दोघांच्या पाठीवरून जाणार आहेत.

मेलेले ॲश आम्ही स्वतः पाडणार नाही. किड्याने मारलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो, करवत लागताच वरच्या फांद्या सुटतात. यंत्रवाला बोलावला, तो दोन दिवसांत पाडून ओंडके ओळीने टाकून गेला. त्याची मजुरी लागली, पण हाडं शाबूत.

बुंधे २० इंचांवर कापले, चार ते सहा इंचांच्या फोडी केल्या. लाकूड फोडायचं यंत्र (इथे स्प्लिटर म्हणतात, सांगलीत कुऱ्हाड) भाड्याने घेतलं. ओलावा मोजायचा मीटर २५ डॉलरचा. बाहेरच्या बाजूला टोचला की १६ दाखवतो आणि माणूस खूश होतो. तीच फोड पुन्हा मधून चिरून ताज्या पृष्ठावर टोचली तर २८. मधला आकडाच खरा.

थप्प्या फळ्यांवर, जमिनीपासून वर, वाऱ्याला आडव्या, वरून फक्त डोक्यावर पत्रा. ताडपत्री बाजूंनी गुंडाळली की आत बुरशी. ॲश लवकर वाळतो म्हणून या हिवाळ्यापुरता जमेल. ओकची एक थप्पीही लावली आहे, पण तो २०२७साठी. बाहेरून स्वस्त लाकूड आणायचा मोह झाला तरी या राज्यात बिनप्रक्रियेचं जळण ५० मैलांपलीकडे नेता येत नाही. किडे असेच पसरले.

३ मे

पाइप. सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत जास्त वाचायला लागलं ते याच्यावर, आणि विक्रेते सर्वांत कमी बोलतात तेही याच्यावर.

सूत्र एकच: मिनिटाला वाहणारे गॅलन × ५०० × तापमानातला फरक = तासाला बीटीयू. एक इंची पेक्स (प्लास्टिकच्या) पाइपातून ८ गॅलन सहज जातात. २० अंश उतरले तर ८०,००० बीटीयू, आमच्या गरजेहून जास्त. म्हणजे सव्वा इंची पाइप लागत नाही, मोठा पंपही लागत नाही.

आता तेच सूत्र गळतीला लावलं. चांगल्या पाइपात, म्हणजे दोन्ही पेक्स घट्ट फोममध्ये ओतलेल्या आणि बाहेरून अखंड जाड आवरण, शंभर फुटांना एक अंशाच्या आत उतार. ८ × ५०० × १ = ४,०००. गुंडाळीच्या पाइपात पाणी शिरून पाच अंश गेले तर २०,००० बीटीयू. जानेवारीच्या नेहमीच्या दिवशी आमच्या घरालाच २७,००० लागतात! आजोबांचे १५ कॉर्ड कुठे जातात ते कळलं. फुटाला पाच-सहा डॉलरचा पाइप आणि सतरा डॉलरचा पाइप यांत १४० फुटांना दीड हजारांचा फरक. भट्टीतल्या कुठल्याही जादा सोयीपेक्षा हे दीड हजार आधी.

तळघरात पाट्यांचा हीट एक्स्चेंजर. एका बाजूला भट्टीचं उघडं पाणी, दुसऱ्या बाजूला घराचं बंद दाबाचं पाणी, मिसळत नाहीत. तेलाचा बॉयलर जागेवरच राहील. आम्ही कुठे गेलो तर तोच घर सांभाळेल.

बेसबोर्डची अडचण लक्षात ठेवायची. १८० अंशांच्या पाण्यावर फुटाला साधारण ५८० बीटीयू देतात, १४०वर ३२०च्या आसपास. आमच्याकडे बेसबोर्ड ११० फूट आहेत, म्हणजे १८०वर ६३,८००. पुरतात. पण “१५० अंशांवर चालवा, लाकूड वाचेल” हा सल्ला ज्यांच्या घराच्या फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या आहेत त्यांच्यासाठी. आमच्यासाठी नाही.

१४ जून

कोटेशनं आली. मधल्या आकाराच्या गॅसिफायरच्या किमती साडेबारा ते सोळा हजार. मिनेसोटातल्या ग्रीनबुशची सेंट्रल बॉयलर आणि मॅनिटोबातल्या विंकलरची हीटमास्टर, दोन्हींचे मालक आसपास सापडले, दोघांशी बोलले. दोघेही आपापल्या भट्टीवर खूश आणि दुसऱ्याच्या भट्टीबद्दल साशंक. बैलाबद्दल बोलावं तसं बोलतात.

पोलाद हा वादाचा विषय. कुणी ४०९ स्टेनलेस, कुणी जाड साधं पोलाद. रात्री अण्णांना विचारलं. “पाणी सांभाळलंस तर साधंही टिकेल, नाही सांभाळलंस तर स्टेनलेसही जाईल.” उघड्या टाकीत हवा विरघळत राहते, म्हणून गंजरोधक रसायन घालायचं आणि दरवर्षी पाण्याचा नमुना तपासायला पाठवायचा. काही कंपन्यांच्या हमीत ही अटच आहे. हमी २५ वर्षांची लिहिलेली असते, पण वर्षागणिक कंपनीचा वाटा किती उतरतो तो तक्ता खालच्या बारीक अक्षरात असतो. तो आधी वाचायचा.

माझ्या लेखी मोठा प्रश्न वेगळाच आहे: पाण्याचा साठा. आमची गरज ऑक्टोबरमध्ये ९,६००वर येते आणि लहानात लहान गॅसिफायरही एवढं मंद जळू शकत नाही. मग तो पेटतो, थांबतो, पुन्हा पेटतो, आणि प्रत्येक थांब्यात खालचा खण गार. साठा २०० गॅलन असेल आणि पाणी १८५पासून १४५पर्यंत उतरू दिलं तर २०० × ८.३४ × ४० = ६६,७०० बीटीयू. ऑक्टोबरच्या घराला सात तास. म्हणून भट्टी लहान, पाणी जास्त. त्या पहिल्या विक्रेत्याच्या नेमकं उलट.

६ जुलै

४ जुलैला सही झालेल्या नव्या कायद्याने घरगुती ऊर्जेची करसवलत लवकर संपवली. किमान ७५ टक्के कार्यक्षमतेच्या लाकूडभट्टीला खर्चाच्या ३० टक्के, कमाल २,००० डॉलर मिळायचे, आता ३१ डिसेंबर २०२५पर्यंत बसवून चालू झाली तरच. “पुढच्या वर्षी बघू” हा पर्याय गेला. विक्रेत्यांकडे गर्दी होणार, तारखा मिळणार नाहीत.

नवऱ्याने विचारलं, दोन हजारांसाठी घाई करायची का? घाई नाही, लाकूड वाळतंय, चर ठरलाय, परवाना हातात आहे. उरलंय ते फक्त खोकं.

१९ जुलै

ठरलं. दोन लहान मॉडेलांपैकी ज्यात पाणी जास्त आणि राखेचं दार रुंद, ते. रंग हिरवा, कारण तोच शिल्लक होता. विजेवर चालणारा आपोआप पेटवण्याचा प्रकार आणि फोनवर तापमान दाखवणारं ॲप, दोन्ही नाकारलं. चिमणीचे जादा तुकडे घेतले, १८ फुटांसाठी.

खर्चाचा अंदाज: भट्टी १३ हजारांच्या आतबाहेर, पाइप २,४००, एक्स्चेंजर, पंप, मिक्सिंग व्हॉल्व्ह आणि फिटिंग्ज दीड हजार, काँक्रीटचा ओटा, चर आणि वीज मिळून तीन हजार. वीस हजारांना थोडं कमी, सवलत वजा केल्यावर अठरा. तेल वाचणार वर्षाला साडेतीन हजारांचं, त्यातून करवतीचं तेल, साखळ्या, पाण्याची तपासणी वजा. सहा ते सात वर्षं. आमच्या कष्टाला मजुरी लावली तर हिशेब बसत नाही. ती लावायची नाही असं दोघांनी ठरवलं आहे.

२० सप्टेंबर

चर झाला. त्याआधी ८११वर फोन करून गाडलेल्या तारा खुणावून घेतल्या, हे इथे बंधनकारक आहे. चार फूट खोल, जमीन गोठते त्या थराच्या खाली. सेप्टिकची नळी आडवी आली, तिच्याखालून गेलो. पाइप भिंतीतून तळघरात शिरतो तिथे बाहेरच्या आवरणाची टोकं रबरी टोप्यांनी बंद केली. आजोबांच्या नळीत पाणी कुठून शिरलं असेल याचा विचार करत मी त्या टोप्या पुन्हा पुन्हा दाबून पाहिल्या. वीज वेगळ्या नळीतून.

पंप आणि पंखा मिळून दोनशे वॅटच्या आत. तळघरात बॅटरी आणि इन्व्हर्टर. अण्णांच्या घरी लोडशेडिंगच्या काळात घेतलेला अजून चालू आहे, त्यामुळे हा भाग त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

८ नोव्हेंबर

पहिला जाळ. आधी पाणी भरून, गंजरोधक घालून, हवा काढून पंप अर्धा दिवस चालवला. ॲशच्या फोडी मधून चिरून मोजल्या: १७, १८, १९, एक २२. बावीसवाली परत थप्पीत.

२०० गॅलन पाणी गार असताना तापायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ भट्टीला घाम येतोच, दारातून काळं पाणी ओघळलं. ते अपेक्षित होतं, १५० अंशांवर थांबलं. अर्ध्या तासात धूर गेला. पूर्वेकडच्या घरातली बाई बाळाला घेऊन कुंपणाशी आली, “चालू झाली का?” म्हणाली. चालू होऊन तासावर झाला होता.

२३ नोव्हेंबर

काल रात्री बाहेर २५ अंश. पाइपाला चार ठिकाणी तापमापक बांधून वाचले.

भट्टीतून निघताना १८२. तळघरात पोचताना १८१. एक्स्चेंजरमधून परत जाताना १७४ ते १७५. प्रवाह ८ गॅलन. म्हणजे घराने घेतले तासाला २४,००० ते २८,०००. फ्रिजवरच्या ६४०ने ४० अंशांच्या फरकाला २५,६०० सांगितले होते.

रात्री दहाला भरलेलं लाकूड सकाळी सातला पाव उरलं होतं. दिवसातून दोनदा भरावं लागतं, एकदा नाही. चालेल. चरावरचा बर्फ चराबाहेरच्या बर्फाइतकाच आहे. बायपासची दांडी थोडी अडकते, डांबर धरलं असावं, रविवारी भट्टी गार करून खरवडायची. राख आठवड्याला एक बादली, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, कोठारापासून लांब. लसणाच्या वाफ्याला वसंतात थोडी घालीन, ब्लूबेरीला नाही. त्यांना आम्ल माती लागते.